तीनशे अठ्ठेचाळीस

निवृत्तीच्या दिवशी विभागानं एक कागद लॅमिनेट करून दिला:
शोधनिबंध सत्तेचाळीस, पुस्तकं तीन, एच-इंडेक्स अठरा,
आणि सर्वाधिक उद्धृत लेख, तीनशे अठ्ठेचाळीस वेळा,
'दर्याचं माहेर: एका मच्छीमार वाडीतले निषिद्ध दिवस'.
सोबत शाल, नारळ.
नारळ माझ्याच फील्डवरचा असावा.

तो लेख म्हणजे बाबल तारी.
एकोणीसशे त्र्याण्णव, मार्गशीर्ष.
आचऱ्याच्या पुढं, एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र,
मधल्या वाळूच्या पट्टीवर सुरूची झाडं,
आणि तीन दिवस न हललेली रापण.
मी विचारलं, का?
त्यानं कानावरची विडी काढली, पाहिली, परत कानावर ठेवली.
"दर्यो म्हायेराक गेलो हा, बाय.
तीन दिस तेका हाक मारूची नसता."

वहीत तारीख घातली, वेळ घातली,
बोलणाऱ्याचं वय अंदाजे पंचावन्न.
दर्या पुल्लिंगी, तरी माहेरी जातो:
या एका विसंगतीवर मी अकरा पानं लिहिली.
नाव लपवायचा नियम, म्हणून बाबलचा झाला 'ब.'
आणि 'ब.' निघाला तळटीपांतून,
ज्याच्याकडं कधी पासपोर्ट नव्हता तो.
लायडनला कुणी त्याला पॅसिफिकच्या बेटांशी ताडून पाहिलं,
दिल्लीत कुणी त्याचं स्त्रीवादी वाचन केलं,
एकानं तर मला पार खोडून काढलं.
तेही मोजणीत आलं.
त्याच लेखावर बढती. बढतीवर फ्लॅटचं कर्ज.

यंदा गेले.
बाबलला जाऊन चौदा वर्षं झालेली.
जयवंती खळ्यात सुकट पसरत होती, कावळ्यांना शिव्या देत.
कशासाठी कोण जाणे, मी पिशवीतून तो कागद काढला
आणि तिला वाचून दाखवला.
आकड्यापाशी तिनं हात थांबवला.
"येवढ्या लोकांनी लिवल्यानी?"
मग हसायला लागली. पदर तोंडाशी, खोकला लागेस्तोवर.

"अगो, तवा भावाभावांचो झगडो झाल्लो.
दोरयेच्या वाट्यावरसून. धाकट्यान कोयतो काढल्यान.
भायल्या माणसाक घरातला कसा सांगतलो?"

समुद्र समोरच होता.
त्र्याण्णवातही समोरच होता,
मी रोज सकाळी त्यात पाय धुतले होते.

शुद्धिपत्र पाठवायचं तर कुठं?
नियतकालिक बंद पडलं, संपादक वारले.
शब्द जुळवत मी खाडीकडं चालले होते,
तर होड्या ओढून उपड्या घातलेल्या,
आणि सुयोग, बाबलचा नातू, पर्यटकांना परत पाठवत होता.
"आज नाय. परवापर्यंत नाय. दर्यो म्हायेराक गेलो हा."
कधीपासूनची रीत ही?
"आज्याच्या आज्यापासूनची, म्याडम. पुस्तकात आसा."
मोबाइलवर त्यानं पानाचा फोटो काढून दाखवला.
पान माझंच. 'ब.'खाली लाल रेघ.
कुणाच्या हातची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
तीनशे एकोणपन्नास, असं मनात आलं,
आणि लाज वाटली, की मोजायची सवय अजून गेली नाही.

परत येऊन जयवंतीच्या पायरीवर बसले.
म्हटलं, खरं काय ते लिहून टाकते आता. नावानिशी.
बाबल रघुनाथ तारी, एवढं तर वहीत लिहूनही झालं होतं.
तिनं सुकटीतला खडा वेचून फेकला.

"नाव लिव. बाकीचा सांगा नको.
त्या तीन दिसात दोनय घरां येकाक चुलीर जेवतत.
धाकट्याची सून भाकऱ्यो भाजता, मोठ्याची वाडता.
होडये नाय, वाटो नाय, मगे भांडतले कशार?"

यावर माझ्याकडं संदर्भ नव्हता.
वही उघडीच राहिली मांडीवर, वाऱ्यानं दोन पानं उलटली.

एसटीची वेळ झाली तेव्हा तिनं सुकट पुडीत बांधून दिली
आणि उरलेली टोपलीत भरली.
झाकायला काही सापडेना,
म्हणून तो लॅमिनेट केलेला कागद घेतला,
वर एक दगड ठेवला.
"भिजना नाय," म्हणाली, "बरो आसा."